गोमर प्रॉबर्टची भीती

गोमर प्रॉबर्टएवढा धिप्पाड माणूस वेल्समधल्या आमच्या कुम हेलिगच्या खोऱ्यात पुन्हा झाला नाही. दारातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागे, आणि चॅपलमध्ये तो ज्या बाकावर बसे त्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला बायका कचरत, न जाणो बाक उलटला तर! असा माणूस भित्रा असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण होता. जन्मभर होता, आणि त्याच्या बायकोशिवाय, मेन्नाशिवाय, ते कितीतरी वर्षं कुणाला कळलं नाही.

मिसरूड फुटायच्या आत बापाने त्याला कोळशाच्या खाणीत नेलं. तिथे छताला लावलेली लाकडं रात्रंदिवस करकरत असत. बाकीच्यांना त्या आवाजात झोप लागे. गोमरची नजर मात्र छतावरून हटत नसे. खाणीत कोळशाच्या गाड्या घोड्यांकडून ओढून घेणाऱ्या घोडेवाल्याने एकदा त्याची नक्कल केली, भुवया वर करून छताकडे पाहत राहिला, तेव्हा गोमरने त्याला एक लगावली. उजव्या हाताची. घोडेवाल्याला शुद्धीवर आणायला डबाभर पाणी ओतावं लागलं. त्याच उन्हाळ्यात आल्बी ट्रँटरचा बॉक्सिंगचा तंबू गावच्या जत्रेत आला. गोमर प्रेक्षक म्हणून गेला आणि ट्रँटरचा बॉक्सर होऊन तंबूबरोबरच निघून गेला. खाणीतली भीती वरून येते, ठोशाची निदान समोरून येते, असा त्याचा साधा हिशेब होता.

हा हिशेब बरीच वर्षं बरोबर आला. युद्ध संपल्यावरच्या काळात तो तंबूतून कार्डिफच्या मोठ्या हॉलमध्ये पोचला, सगळ्या वेल्सचा हेवीवेट विजेता झाला, लंडनला जाऊन लढला. पेपरवाले त्याला 'दगडी चेहऱ्याचा प्रॉबर्ट' म्हणत. कसला दगडी! भीतीने चेहरा आखडून जाई, त्यालाच लोक धैर्य समजत. प्रत्येक झुंजीआधी तो संडासात जाऊन ओकत असे, आणि मेन्ना दाराबाहेर टॉवेल घेऊन मोठमोठ्याने भजन म्हणत उभी राही, आतला आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तिचा गळा चांगला होता. लोक म्हणत, काय श्रद्धाळू बाई आहे!

मग ब्रिस्टलला एका खाटकाशी झुंज झाली आणि त्या खाटकाचा अंगठा गोमरच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा बाहेरून बरा झाला, आतून कायमचा गेला. दर झुंजीआधी डॉक्टर तपासत. "डावा डोळा झाका," म्हटलं की गोमर डाव्या हाताने डावा झाकी, आणि "आता उजवा," म्हटलं की उजवा हात वर करून पुन्हा डावाच झाकी. हात बदलला की डॉक्टरला वाटे डोळा बदलला. या एका युक्तीवर तो आणखी काही वर्षं लढला, डावीकडून काय येतंय ते न दिसता. शेवटी उजव्या डोळ्यापुढेही धुरकट पडदा येऊ लागला तेव्हा मेन्नाने त्याला हाताला धरून कार्डिफच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. डोक्यावर एक जोरदार ठोसा बसला की हाही डोळा जाईल, आणि परत येणार नाही.

"झालं ना समाधान?" बसमध्ये मेन्ना म्हणाली. "आता सोड बाबा हे."

"सोडून करू काय? आंधळ्याला खाणीत घेत नाहीत. आणि घेतलं तरी मी जायचो नाही."

"भीक मागू, पण डोळा ठेव."

"हळू बोल गं," गोमर म्हणाला. मागच्या बाकावर गावातलं कुणी असेल याचीच त्याला जास्त भीती.

त्याने मोठ्या झुंजी सोडल्या आणि तो ट्रँटरच्या तंबूत परत गेला. तिथे डॉक्टर नसतो. तंबूपुढच्या माच्यावर बॉक्सर झगे घालून उभे राहतात, ढोल वाजतो आणि ट्रँटर ओरडतो, "आहे का कुणी मायचा लाल?" मग गर्दीतून एकजण हात वर करतो. लोकांना वाटतं, खरा आव्हान देणारा. पण निम्म्या वेळा तो तंबूचाच असतो. तंबूवाले त्याला 'घरचा माणूस' म्हणतात. कुठल्या फेरीत कोण पडणार हे आधीच ठरलेलं असतं. गोमरचा घरचा माणूस म्हणजे हॉपकिन रीस, खाणीतला त्याचा जुना सोबती. हॉपकिन गळ्यात लाल मफलर बांधून गर्दीत उभा राही. गोमर माच्यावरून बोट दाखवून म्हणे, "तो लाल मफलरवाला! ये वर, आईचं दूध प्यायला असशील तर!" आणि हॉपकिन शिव्या देत वर येई. खऱ्या आव्हानांना ट्रँटर दुसऱ्या पोरांपुढे उभं करी. गोमरसारख्या नामांकिताला कशाला झिजवायचं, असं त्याचं म्हणणं. गोमरला तेच हवं होतं.

हॉपकिनलाही डोळ्याचं ठाऊक नव्हतं. गोमरला गर्दीत फक्त एक लाल डाग दिसे. खात्री पटे ती रिंगमध्ये: हातमोजे टेकवताना हॉपकिन दोनदा दाबायचा. दाबलं की गोमरच्या जिवात जीव येई. मग काय, दणादण ठोसे, सगळे खांद्यावर आणि दंडावर, आवाज मोठा आणि मार नाही. तिसऱ्या फेरीत हॉपकिन असा काही कोसळे की बायका किंचाळत. पडणं ही त्याची कला होती. गावात तो म्हणे, "मारायला काय, कुणीही मारतं. पडायला अक्कल लागते."

पण कोळशाची धूळ कुणाला सोडत नाही. त्या सप्टेंबरात हॉपकिनची छाती इतकी भरली की त्याला जिना चढवेना. किनाऱ्याकडच्या गावात मोठी जत्रा होती. त्याने आपल्या जागी जावयाला, मर्व्हिनला, तयार केलं. मर्व्हिन उंच, हसतमुख, सासऱ्यावर जीव टाकणारा. चार संध्याकाळी स्वयंपाकघरात टेबल बाजूला सारून हॉपकिनने त्याला पडायला शिकवलं: गुडघा आधी, मग कुल्ला, मग खांदा, डोकं सगळ्यात शेवटी आणि अलगद. पहिल्या फेरीत हात खाली सोडायचे, गोमर हवेत ठोसा फिरवेल, लोक हसतील. सगळं सांगितलं. मफलर स्वतःच्या हाताने बांधून दिला. दोनदा दाबायचं तेवढं सांगितलं नाही, कारण आपण तसं करतो हे हॉपकिनच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं. सवयीची कोण आठवण ठेवतो?

ट्रँटरला बदल ठाऊक होता. तो गोमरला बोलला नाही, कारण बोलायचं काय? समोर दिसेलच की!

गोमरला लाल डाग दिसला. त्याने बोट दाखवलं, शिव्या आल्या, टाळ्या पडल्या. "बॅरी बंदराचा खलाशी!" ट्रँटर ओरडला. रोज काहीतरी असंच ओरडे. पण माणूस रिंगमध्ये चढला आणि गोमरने कान टवकारले. फळ्या वेगळ्या वाजल्या. समोरची धूसर आकृती हॉपकिनपेक्षा वीतभर उंच होती. त्याने हातमोजे पुढे केले. टेकले. तो थांबला. कुणी दाबलं नाही.

त्याची पाचावर धारण बसली. आपण परक्याला वर बोलावलं! लाल मफलर काय एकट्या हॉपकिनकडेच असतो? हा खरा खलाशी, खरा मारणार, डोक्यावर मारणार. थांबा म्हणावं तर का म्हणून विचारतील, आणि मग सगळं बाहेर येईल. घंटा झाली. समोरच्याने हात खाली सोडले. गोमरला दिसली ती फक्त उघडी हनुवटी, फिकट, धुक्यातून पुढे आलेली. हा डाव आहे, आता हा उसळणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. खाणीतल्या घोडेवाल्यानंतर असा ठोसा त्याने कधी मारला नव्हता. कार्डिफला नाही, लंडनला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो त्या दिवशी गोमरच्या उजव्या हातात शिरला होता.

मर्व्हिन गुडघ्यावर आला, कुल्ल्यावर आला, खांद्यावर आला, आणि मग हलेना. लोक टाळ्या वाजवत होते. कानातून रक्त आलं तेव्हा टाळ्या थांबल्या. कुणीतरी त्याच्या तोंडातली गमशील्ड काढली, ट्रँटर वाकून ओरडला, "मर्व्हिन! ए पोरा, मर्व्हिन!" आणि ते नाव ऐकून गोमर रिंगमध्ये मटकन खाली बसला.

हॉस्पिटलच्या लाकडी बाकावर बसलेल्या गोमरपाशी हॉपकिन धापा टाकत आला. "काय झालं रे?"

गोमरचं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर डोळ्याचं सांगावं लागेल, आणि त्याच्याही मागचं, की मी घाबरलो होतो. त्याच्या तोंडून आलं, "पडताना डोकं आपटलं त्याचं."

"मी सांगितलं होतं त्याला," हॉपकिन म्हणाला आणि रडायला लागला. "डोकं शेवटी. शंभरदा सांगितलं."

ट्रँटरनेही पोलिसांना तेच सांगितलं. त्याच्या सोयीचं होतं. मर्व्हिन वाचला. डावा कान गेला, आणि चालताना तो किंचित कलू लागला. शुद्धीवर आल्यावर सासऱ्याकडे बघून पहिल्यांदा म्हणाला, "चुकलंच ना माझं?" पलंगाच्या पायथ्याशी गोमर उभा होता. त्याने टोपी घातली आणि तो बाहेर पडला.

त्या दिवसानंतर त्याने हातमोजे घातले नाहीत. खाणीवरच्या न्हाणीघरात टॉवेल देण्याचं काम त्याला मिळालं. हॉपकिन पुढच्याच हिवाळ्यात गेला. आणि जो डोळा गोमरने जिवापलीकडे जपला तो एका सकाळी चहा पिताना आपसूक विझला, कुणी हात न लावता. मेन्ना घाबरून ओरडली. गोमर म्हणाला, "जाऊ दे. एक धास्ती संपली." दुसरी संपली नव्हती. गावाने मर्व्हिनचं नाव 'पडका मर्व्हिन' ठेवलं होतं. सासरा पडण्यातला उस्ताद आणि जावयाला साधं पडता येईना! खाणकामगारांच्या क्लबाच्या, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या, भिंतीवर बसलेली टवाळ मंडळी तो दिसला की ओरडत, "जपून रे मर्व्हिन, रस्ता सपाट आहे!" मर्व्हिन हसे. आंधळ्या गोमरला दुपारी घरून इन्स्टिट्यूटपर्यंत नेणाराही तोच. खोऱ्यात माणसं एकमेकांना अशीच धरून असतात, आणि मर्व्हिनला तर वाटे, आपल्या चुकीपायी गोमरकाकांचा धंदा बसला.

"सांग त्याला," मेन्ना म्हणे.

"सांगेन."

"कधी? मेल्यावर? देवापुढे झुंजीआधीचा डॉक्टर नसतो, हात बदलून चालत नाही."

दर दुपारी चढावर मर्व्हिनचा हात कोपराला लागला की गोमरला घाम फुटे. आज कुणी विचारलं तर? आज त्याला स्वतःलाच आठवलं तर? खाई त्याला खवखवे. अशी कितीतरी वर्षं गेली.

एका दुपारी भिंतीवरून नेहमीची आरोळी आली, आणि मर्व्हिन नेहमीसारखा हसला, पण मग हळूच म्हणाला, "काका, पोरगी काल शाळेतून रडत आली. तिलाही चिडवतात. म्हणाली, बाबा, तुम्हाला पडता का नाही आलं?"

गोमर थांबला.

"मर्व्हिन, तू पडलास नाही. मी पाडलं."

"काय?"

गोमर वळून त्याच्या चांगल्या कानाकडे झाला. "खरा मारला मी. पूर्ण ताकदीने. तू कोण ते मला दिसलं नाही. तेव्हाच दिसत नव्हतं मला. वाटलं, कुणी परका आहे. घाबरलो रे. बस, घाबरलो."

कोपरावरचा हात सुटला. गोमर चढावर तसाच उभा राहिला. डावीकडे कुठेतरी ओढ्याची खोल कड होती. नेमकी किती लांब, हे त्याला कळेना. मग पावलं ऐकू आली, पुढे जाणारी, अडखळत धावणारी, आणि भिंतीच्या बाजूने मर्व्हिनचा फाटलेला आवाज आला, "ऐका रे भडव्यांनो! मी नीट पडलो होतो! ऐकताय ना? गुडघा, कुल्ला, खांदा, सगळं बरोबर! मी नीट पडलो होतो!"

तो पुन्हा पुन्हा तेच ओरडत होता आणि ओरडता ओरडता रडत होता. त्याला हाक मारायची गोमरची हिंमत झाली नाही.