बदामाखालची छत्री

आमच्या प्रताप नगरच्या गल्लीत सावली म्हणावी अशी एकाच झाडाची, शेजारच्या काकांच्या बदामाची. एका उन्हाळ्यात त्यावरून केसाळ अळ्या टपकू लागल्या. "फवारा मारा," म्हणून सगळे काकांच्या मागे लागले.

"पाहू ना बाप्पा," काका म्हणाले. कशालाही त्यांचं हेच उत्तर. "समोर बाळंतीण हाय. औषधाचा वास तिच्या खोलीत जाईन. सवा महिना होऊ दे तिचा, मंग मारतो."

तोवर ते छत्री उघडून झाडाखाली उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पलीकडे पोचवत. एकदा मलाही पोचवलं. छत्री सगळी माझ्यावर होती. त्यांच्या मानेवर लाल गांधी उठल्या होत्या.

"काका, मान खाजत असेल ना?"

"पाहू ना बाप्पा," म्हणत त्यांनी छत्री आणखी माझ्याकडे कलती केली.