अभिप्रायाची वाट

होस्टेलच्या दोरीवर घोंगडी वाळत घातली की तिच्या ओल्या लोकरीच्या वासानं मला आमच्या ऑनलाइन वर्गाचा ब्लॉग आठवतो. कॉलेज बंद होतं, म्हणून मॅडमनी प्रत्येकाला आपल्या घराविषयी ब्लॉगवर लिहायला आणि इतरांचं वाचून खाली अभिप्राय द्यायला सांगितलं होतं. आमच्या मेंढ्या तेव्हा वडवणीजवळ एका शेतात खतासाठी बसवल्या होत्या. मी भीतभीत लिहिलं, ‘आम्ही मेंढ्यांसोबत उघड्यावर झोपतो.’ संध्याकाळपर्यंत खाली अभिप्राय जमले, ‘बिचारे’, ‘किती हाल’. माझ्या वडिलांना, आबांना, वाचता येत नाही, म्हणून मी आनंदानं मोठ्यानं वाचून दाखवले. ते एकदम ताठ झाले. ‘बिचारं कोन हाय? उघड्यावर कावून लिवलं? चारी अंगानं मेंढ्या असत्यात, लई ऊब असती. तसं लिव की.’ चुलीपाशी आई हसली, ‘आन ह्यांचं घोरनं बी लिव, त्यानंच लांडगा येत न्हाई.’ मी दोन्ही लिहिलं आणि बांधावर चढून, मोबाइल उंच धरून कसंबसं पाठवलं. मग मेंढ्या वळताना आबा सारखे विचारायचे, ‘आलं का कायी त्यांचं?’ पण मॅडमनी नवा विषय दिला होता आणि सगळी मुलं तिकडे गेली होती. मी दर वेळी म्हणायचो, ‘रेंज न्हाई, आबा.’ अजूनही मी ते पान उघडून बघतो. परवा फोनवर आबांनी पुन्हा विचारलं, आणि इथे तर रेंज चांगली आहे.