धम्मदीपाची लाल पाण्याची ओपीडी

धम्मदीपा वानखडे नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला वाशिममध्ये आजतागायत चारचौघांत सांगता आलेलं नाही. पोरगी नर्स आहे, जर्मनीत आहे, फ्रँकफुर्टच्या इस्पितळात तिला स्वतंत्र खोली आहे, इथपर्यंत गाडी सुरळीत जाते. पुढे कुणी विचारलं, "म्हणजे कशाची नर्स?" की आई पदर सावरते आणि म्हणते, "पाणी तपासते." त्यामुळे निम्म्या गल्लीचा समज असा, की धम्मदीपा जर्मनीच्या पाणीपुरवठा खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. एका शेजाऱ्याने तर आपल्या डिप्लोमावाल्या मुलाचा बायोडेटाही पाठवून दिला होता.

ती तपासते ती लघवी. ज्यांच्या लघवीत रक्त दिसलं, त्यांनी आधी धम्मदीपाकडे यायचं, असा नियम युरोलॉजीचे मुख्य डॉक्टर ब्रेंडल यांनी दोन वर्षांपूर्वी केला. त्याआधी हे लोक डॉक्टरांच्या तारखेची वाट बघत आठवडेच्या आठवडे बसायचे, आणि तारीख आली की डॉक्टरांसमोर लाजून अर्धंच बोलायचे. उरलेलं अर्धं बाहेर पडताना धम्मदीपाला सांगायचे. हे ब्रेंडल यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मंगळवार-गुरुवारची ओपीडी तिच्याच हाती सोपवली. चौकशी तिने करायची, लघवी आणि रक्त तिने तपासायला पाठवायचं, सोनोग्राफीची तारीख तिने लावायची. शेवटी मूत्राशयात कॅमेरा घालून बघायचं तेवढं डॉक्टरांकडे. दारावर पाटी लागली: 'हेमातुरी'. लघवीतल्या रक्ताला जर्मन लोक असं म्हणतात.

आठ वर्षांपूर्वी धम्मदीपा आली तेव्हा तिला व्याकरणासह सगळं जर्मन येत होतं, फक्त म्हाताऱ्यांचं जर्मन कळत नव्हतं. "रंग कसा होता?" असं विचारलं की ते वाइनची नावं सांगायचे. एकाचं फिकट गुलाबी रोझे, दुसऱ्याची कुठल्याशा दरीतली गडद तांबडी. धम्मदीपाने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण आता तिला ऱ्हाइनकाठच्या सगळ्या तांबड्या वाइन रंगावरून ओळखता येतात. एक आजोबा तर नमुना मुरंब्याच्या बरणीत घेऊन आले होते, लेबल न काढता. स्ट्रॉबेरी.

मार्चमधल्या एका गुरुवारी यादीत नाव दिसलं: विलास कुलथे, वय चौपन्न, राहणार एश्बॉर्न. धम्मदीपाला मनातून आनंद झाला. महिनोन्‌महिने मराठी पेशंट येत नाही. दार उघडून ती हसून म्हणाली, "या, बसा."

दारातल्या गृहस्थांनी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. त्यांचा चेहरा पडला. तिच्याकडे न बघता ते खुर्चीत बसले आणि जर्मनमध्ये म्हणाले, "गुटन मॉर्गन. मी जर्मन बोलतो."

धम्मदीपा समजून चुकली. मराठी बाईसमोर असलं काही बोलायला गृहस्थ लाजले होते. तिने पेन काढलं आणि जर्मनमध्येच सुरुवात केली.

विलास पंधरा वर्षं एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते, पण तिथे सगळा कारभार इंग्रजीत. त्यांचं जर्मन म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयातल्या परीक्षेपुरतं पाठ केलेलं. लघवीला शब्द नव्हता.

"तर," ते म्हणाले, "माझं पाणी लाल आहे."

"कधीपासून?"

"हे बीटरूट आहे. नक्की. बीटरूट." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत बीटरूट काढून दाखवलं. "माझी बायको बीटरूटचं सॅलड करते. दही घालून. आणि…" इथे ते अडले. खूप शोधूनही शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "आणि फोडणी."

"फोडणी म्हणजे काय?" धम्मदीपाने जर्मनमध्ये, अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"गरम तेल. त्यात छोटे काळे गोळे. ते उड्या मारतात. तड, तड, तड."

"धोकादायक आहे का?"

"नाही, नाही! चव येते!"

इतकं झाल्यावर मात्र धम्मदीपाला राहवेना. "कोशिंबिरीला मोहरीची फोडणी की जिऱ्याची, ते आपण नंतर बघू," ती मराठीत म्हणाली. "रक्त किती वेळा आलं?"

विलास कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

"तुम्हाला सगळं कळत होतं?"

"काका, मी 'या, बसा' म्हटलं होतं."

"आमच्या मराठी मंडळात कुणाला कळलं तर…"

"इथलं काही बाहेर जात नाही. मी तोंड उघडलं तर माझी नोकरी जाईल."

मग विलास हळूहळू बोलू लागले. तीन वेळा झालं होतं. पहिल्यांदा जानेवारीत. दुखलं-खुपलं काहीच नाही, दोन दिवसांत आपोआप थांबलं. बायकोला कळू नये म्हणून तेव्हापासून ते रोज हौसेने बीटरूट मागून खात होते. तेवढाच पुरावा.

"सिगारेट ओढता?"

"छे, छे."

"कधीच नाही?"

"कॉलेजात असताना, थोडी."

"कॉलेज किती वर्षं चाललं?"

विलासनी छताकडे पाहिलं. "ब्याण्णव ते दोन हजार सोळा."

तिने लिहून घेतलं आणि हातात कप दिला. पंधरा मिनिटांनी ते परत आले तेव्हा कपात तीन थेंब होते. घाबरलेल्या माणसाला लघवी होत नाही. तिने दोन बाटल्या पाणी पाजून त्यांना लांबलचक कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावलं. तासाभराने नमुना मिळाला. रंग अगदी स्वच्छ पिवळा होता. पण तपासणीच्या पट्टीवर रक्ताचा चौकोन हिरवागार झाला, म्हणजे रक्त होतंच.

"आता तर थांबलंय की," विलास म्हणाले.

"डोळ्यांना दिसायचं थांबलंय. हे असंच येतं-जातं, आणि माणसं फसतात. बहुतेकांचं साधंच काहीतरी निघतं, पण बघितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. पुढच्या गुरुवारी कॅमेऱ्याची तपासणी. साडेआठ वाजता."

त्यांनी कागद खिशात घातला, मान डोलावली, आणि बुधवारी सकाळी ईमेल पाठवला: ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे, जून-जुलैत बघू.

धम्मदीपाने तो ईमेल दोनदा वाचला. जून-जुलै! तिने सरळ फोन लावला. विलास आंघोळीला गेले होते. फोन त्यांच्या पत्नीने, ऊर्मिलाताईंनी उचलला.

"विलास कुलथे आहेत का? मी धम्मदीपा बोलतेय."

"कोण धम्मदीपा? काय काम आहे?"

"ते मला तुम्हाला सांगता येणार नाही. त्यांच्याशीच बोलायला हवं."

"मी त्यांची बायको आहे."

"हो ताई, म्हणूनच नाही सांगता येत," धम्मदीपा बोलून गेली, आणि शब्द तोंडातून सुटताक्षणीच तिने जीभ चावली. "फक्त एवढं सांगा, की उद्या साडेआठला मी वाट बघतेय. त्यांनी टाळू नये."

पलीकडून फोन बंद झाला.

ऊर्मिलाताईंनी पुढच्या पाच मिनिटांत नवऱ्याच्या कोटाचे सगळे खिसे उलथेपालथे केले. एक घडी घातलेला कागद सापडला. वर गुरुवार, साडेआठ. खाली एक नाव. जर्मन कागद वाचायचं काम घरात कायम विलासचं. ऊर्मिलाताईंनी अक्षरं जुळवली आणि कागद हातात घेऊन त्या बाथरूमच्या दाराशी उभ्या राहिल्या. विलास टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ही हेमा तुरी कोण?"

विलासनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण चौकशी इतकी अनपेक्षित दिशेने आली होती की तोंडातून भलतंच निघालं. "ऑफिसचं काम आहे," ते म्हणाले.

"आणि धम्मदीपा? तीही ऑफिसात?"

गुरुवारी आठ वीसला धम्मदीपाने दार उघडलं तर बाहेर ऊर्मिलाताई उभ्या. साडी नेसून, कपाळाला ठळक कुंकू लावून, नवऱ्याचं मनगट घट्ट धरून.

"हेमाला बोलवा," त्या म्हणाल्या.

धम्मदीपाने विलासकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. "सांगा," ते पुटपुटले, "सगळं सांगा. यांच्यापेक्षा कॅमेरा परवडला."

तिने दोघांना आत बसवलं आणि सांगितलं. पाटीवरच्या शब्दाचा अर्थ कळल्यावर ऊर्मिलाताईंना आधी हसू फुटलं. पदर तोंडावर धरून त्या हसत राहिल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"तीन महिने मला कोशिंबीर करायला लावली यांनी," त्या म्हणाल्या. "आवडत नसताना."

तपासणीच्या टेबलावर विलास मराठीत अखंड बोलत होते. रिलीज कसा अडकलाय, नवा मॅनेजर कसा गाढव आहे. डॉक्टर ब्रेंडल यांना एक अक्षरही कळत नव्हतं, पण ते दर वाक्याला "या, या" असा जर्मन होकार देत होते. धम्मदीपा पडद्याकडे बघत होती. गुलाबी भिंत सरकत होती, सरकत होती, आणि एका कोपऱ्यात समुद्रातल्या झुडपासारखं काहीतरी इवलंसं हललं. डॉक्टर बोलायच्या आधीच तिला ते दिसलं. चेहरा तिने जराही हलू दिला नाही. विलासचा हात मात्र धरला, आणि विलास बोलता बोलता थांबले.

"आहे काहीतरी. हो ना?"

"आहे. लहान आहे. काढता येईल."

दहा दिवसांत ते दुर्बिणीतून काढून टाकलं. रिपोर्ट आला: कर्करोगच, पण अगदी वरच्या थरातला, मवाळ जातीचा. जूनपर्यंत थांबला असतात तर, हे वाक्य धम्मदीपाने त्यांच्यापुढे कधी उच्चारलं नाही. ऊर्मिलाताई ते घरी रोज उच्चारत होत्या.

जुलैत पहिली फेरतपासणी झाली. पडद्यावर सगळीकडे गुलाबी भिंत, दुसरं काही नाही. विलास कपडे घालून आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि फोनवर कॅलेंडर उघडलं.

"आता पुढची?"

"तूर्त तीन महिन्यांनी. मग बघत जाऊ."

"म्हणजे दर तीन महिन्यांनी टाकून ठेवतो." त्यांचं बोट थांबलं. "इथे विचारतंय, शेवटची तारीख कोणती?"

"ती सध्या रिकामी ठेवा, काका," धम्मदीपा म्हणाली.

त्यांनी रिकामी ठेवली, फोन खिशात टाकला, आणि बाहेर बसलेल्या बायकोला हाक मारली.