कपाटातले आजोबा

काका कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीशी बसून, गेली कित्येक वर्षं. लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. संध्याकाळी घरी आले की रेडिओ आणि ते.

अशा माणसाच्या दारात एका रविवारी थोरली बहीण खोका घेऊन उभी राहिली. ती मुलाकडे राहायला निघाली होती आणि त्याच्या इमारतीत प्राणी पाळायला बंदी होती. खोक्यात तिचं कासव होतं.

"सांभाळ. आपल्या दोघांपेक्षा वयानं मोठं आहे, अहोजाहो कर," ती म्हणाली.

काका वाकले तेवढ्यात कासवानं भलीमोठी जांभई दिली. "ताई, अगं याला दातच नाहीत!"

"मग काय, तुला घरी तरी सुट्टी!"

त्या दिवसापासून कासवाचं नाव आजोबा पडलं.

काकांनी माशांची जुनी काचेची टाकी आणली आणि आजोबांना आत सोडलं. आजोबा दिवसभर काचेला धडका देत राहिले. खरड खरड, खरड खरड. काकांचा जीव कासावीस झाला. शेवटी ते प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"त्यांना काच कळत नाही हो," बाई म्हणाल्या. "पलीकडचं दिसतं म्हणजे तिकडे जाता येतं, असं वाटतं त्यांना. भिंती लाकडाच्या हव्यात, जागा ऐसपैस, वरून उघडी. एका टोकाला उन्हासारखा दिवा, दुसरं टोक गार. उकरायला माती, डुंबायला उथळ पाणी."

दुकानात असं तयार घर मिळत होतं. किंमत ऐकून काकांनी विचारलं, "यात मलाही राहता येईल ना?" आणि फक्त दिवा तेवढा घेऊन ते परतले.

घरी येऊन त्यांची नजर कपड्यांच्या कपाटावर गेली. चांगलं भक्कम लाकडी कपाट. त्यांनी कपडे काढून खुंट्यांवर टांगले, दारं उतरवली आणि कपाट सरळ पाठीवर आडवं केलं. मधल्या फळ्यांना करवतीनं कमानी पाडल्या. तीन खोल्या झाल्या! तळाला प्लास्टिक अंथरून वर माती पसरली. डुंबायचं ताट मात्र त्यांनी दवाखान्यात स्वतःच्या हातानं साच्यात ओतलं, कवळीच्या हिरड्या करतात त्याच मसाल्याचं. चांगलं गुलाबी झालं.

आजोबा आत गेले आणि कोपऱ्यात अंग चोरून बसले. दोन दिवस पानाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी काका घरी येऊन बघतात तो काय, आजोबा दिव्याखाली चारी पाय फाकवून, मान लांब टाकून निपचित पडलेले! काकांनी तडक बहिणीला फोन लावला.

"ताई, गेले गं आजोबा!"

"मागचे पायही ताणलेत का? डोळे मिटलेत?"

"हो गं!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अरे वेड्या, ऊन खात पडलेत ते. सुखात असले की असेच पसरतात म्हणे. माझ्याकडे इतक्या वर्षांत एकदाही पसरले नाहीत बघ."

काकांनी हळूच बोट लावलं. आजोबांनी एक डोळा उघडला, काकांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

दुसऱ्या दिवशी काका कामावर शीळ घालत होते. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी आत डोकावून विचारलं, "काय काका, आज स्वारी खुशीत?"

"घरी वडीलधारं माणूस आलंय," काका म्हणाले, आणि कवळी घासायला लागले.