रांगेतला शेवटचा फोटो

आमच्या कारखान्यात क्रेन चालवणारी ती पहिली बाई, आणि अजून तरी शेवटची. कंपनीच्या बसमध्ये ती अन्नपूर्णेच्या स्टॉपवर चढते आणि माझ्या शेजारी बसते. बोलते मोजकंच, तेही अर्धं हिंदीत, मला भाऊ मानून. "भिया, वरून सगळे छोटे दिसतात. बडे साहब भी," असं एकदा म्हणाली होती.

तिला क्रेनवरून उतरवून वर्षं झाली. आल्यागेल्या पाहुण्यांना दाखवायला बरी म्हणून रिसेप्शनवर बसवलीय. अजूनही शेडमधून क्रेनचा भोंगा ऐकू आला की तिची मान आपोआप वर जाते, वर नुसतं छत असलं तरी.

महिला दिनाला आम्ही थोर बायकांचे फोटो मांडतो. मुलींसाठी शाळा काढणारी, गुलामांना सोडवून आणणारी अमेरिकेतली कृष्णवर्णीय पुढारी, अशा कितीतरी. रांगेतला शेवटचा फोटो हिचा, क्रेनच्या केबिनमधला. यंदा प्रमुख पाहुणे ओळीने हार घालत गेले आणि हिच्या फोटोलाही घालून मोकळे झाले. हार-फुलांचं तबक धरून ती शेजारीच उभी होती.

आम्ही चपापलो. एचआरच्या मॅडम हार काढायला धावल्या, तर ती म्हणाली, "रहने दो ना मॅडमजी. बरोबर घातलाय."

तिने तबक खाली ठेवलं, फुलं उचलली आणि एकेका फोटोला वाहत गेली. स्वतःच्या फोटोलाही वाहिली, हात जोडले. तेवढ्यात शेडमधून भोंगा वाजला.

तिची मान खालीच राहिली.