फ्रेमवरचा ओरखडा

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमची पलटण काश्मीर खोऱ्यात होती. मी पलटणीचा आर्मरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. भरती होण्याआधी कोल्हापुरात एका फाउंड्रीत ओतकाम तपासायला होतो. लोखंडावरचा कुठला डाग वरवरचा आणि कुठला आत गेलेला, हे मला तिथेच कळायला लागलं. या बाबतीत मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, आजही.

दसऱ्याच्या तोंडावर नवी नऊ एमएम पिस्तुलं आली. एकाच्या फ्रेमवर, म्हणजे सांगाड्यावर, ट्रिगरच्या वर, नखभर आडवी रेघ होती. कारखान्यात कटर घसरला असावा. तिथला काळा रंगही फिका होता. खंडेनवमीला आम्ही शस्त्रपूजा मांडली, तेव्हा हातकणंगल्याकडच्या नायक संपतनं ते पिस्तूल उचलून बाजूला ठेवलं.

"ह्ये नगं. खंडित मूर्ती पूजत न्हाईत, तसंच ह्ये. चीर हाय ही."

"चीर न्हाय, ओरखडा हाय," मी म्हणालो.

"तुमी म्हणतासा. फुटलं तर हात आमचा जाणार की."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच रेघेवर रॉकेल चोपडलं, थोड्या वेळानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड फासली. चीर असती तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर आलं असतं आणि खडू ओला झाला असता. खडू कोरडा राहिला. पूजा झाल्यावर रेंजवर नेऊन त्यातून मॅगझिनमागून मॅगझिन उडवली आणि पुन्हा खडू लावला. पुन्हा कोरडा. तरी ते पिस्तूल कुणी घेईना.

सुभेदार मल्लाप्पा कागलपलीकडच्या गावचे. त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडी. तरुणपणी तालमीत घुमलेले, दोन्ही कान कुस्तीत मोडलेले. त्यांनी पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं.

"तू सवता वापरशील ह्ये?"

"वापरीन, साहेब."

"मग मला दे." ते संपतकडे वळले. "माझं कान बगितलंस न्हवं? मोडल्यात. मी बी खंडित व्हय रं?"

सगळे हसले, संपतसुद्धा. पिस्तूल साहेबांच्या नावावर चढलं आणि माझा जीव टांगणीला लागला. खडूवर माझा पूर्ण भरवसा होता. पण आता त्या फ्रेमच्या मागे एक माणूस होता, आणि तो माझ्या शब्दावर उभा होता.

थंडीत एका सकाळी आम्ही एका गावाला कॉर्डन, म्हणजे वेढा, घातला. माणसं कमी होती, म्हणून मलाही नेलं. मला एका घराच्या भिंतीबाहेर, दाराशेजारी, रेडिओ घेऊन बसवलं. सुभेदारसाहेब, संपत आणि एक जवान आत शिरले. संपतनं लाकडी कपाट ओढलं. त्यामागे पोकळी होती. आतून बर्स्ट आला, गोळ्यांची सलग फैर. संपतच्या दोन्ही मांड्या फुटल्या आणि तो मध्येच पडला. साहेबांच्या रायफलीचे तुकडे झाले.

रेडिओवर कंपनी कमांडर होते. 'फोर' म्हणजे सुभेदारसाहेब; ते आतून त्यांच्या सेटवर उत्तर देत होते आणि मी बाहेर ऐकत होतो. "फोर, सिच्युएशन? ओव्हर."

"कॉन्टॅक्ट. एक जखमी. ओव्हर."

"ग्रेनेड टाका. ओव्हर."

"संपत मधी पडलाय. न्हाय टाकत. आऊट."

मग पिस्तुलाचा आवाज सुरू झाला. एकेक गोळी, सावकाश, नेम धरून. प्रत्येक आवाजाला मी मनात म्हणत होतो, टिक, फुटू नको. त्या आडोशानं जवानानं संपतला दारापर्यंत ओढत आणलं. मी कॉलर धरून त्याला बाहेर खेचलं. त्याच्या मागे फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला होता. मी आणि तो जवान त्याच्या मांड्या आवळून बांधत होतो, तेवढ्यात पिस्तूल थांबलं. लगेच आतून एक लांब बर्स्ट झाला.

दुसरा सेक्शन मागच्या खिडकीतून घुसला. पोकळीत दोघे होते. एकाच्या जबड्यात आधीच पिस्तुलाची गोळी बसली होती, तरी तो फायर करत होता. दोघांनाही तिथेच मारलं.

साहेब उताणे पडले होते. छाती उघडी पडली होती. डावा पंजा, रायफलीबरोबर पहिल्याच बर्स्टमध्ये तुटलेला, मनगटापासून कातडीवर लोंबत होता. उजव्या मुठीतलं पिस्तूल मी बोटं एकेक उलगडून काढलं. स्लाइड मागे अडकलेली होती, म्हणजे शेवटची गोळीसुद्धा सुटली होती. बाहीनं रक्त पुसून मी फ्रेम पाहिली. फ्रेम शाबूत होती. साहेबांचे डोळे मी त्यानंतर मिटले.

पुढच्या सुट्टीत कोल्हापूरला उतरलो आणि घरी न जाता साहेबांच्या घरी जायला कागलची एसटी धरली. साहेबांनी पिस्तुलाची गंमत फोनवर वैनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितली होती. पाणी दिल्यावर त्यांनी आधी तेच विचारलं.

"त्ये डागाचं पिस्तूल फुटलं न्हाय न्हवं?"

"न्हाय, वैनी. शेवटची गोळीबी सुटली. त्येच्यामुळं संपत जगला."

एवढंच सांगायला मी आलो होतो. हे ऐकून त्यांना बरं वाटेल, असं मला खरंच वाटलं होतं.

"मग गोळ्या कमी का दिल्यासा?"

"कमी न्हवत्या. भरल्यालं मॅगझिन कमरंला तसंच हुतं. बदलाय दुसरा हात ऱ्हायला न्हवता."

त्यांनी माझ्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"बदलून द्याय जवळ कोण न्हवतं व्हय, भावजी?"

"मी हुतो की, वैनी," मी म्हणालो. "भिंतीच्या भाईर."