डोळे भरून आले, असं मी लिहिलं

दुपारचं जेवण अंगावर येतंय. डायनिंग टेबलावर प्रुफं पसरली आहेत, पंखा त्यांची टोकं उचलून बघतोय, आणि मी हातावर गाल टेकून स्वतःला सांगतेय की पाचच मिनिटं. चार वाजता पुस्तक छापणाऱ्या मंडळाचा माणूस प्रुफं न्यायला येणार आहे. सत्तेचाळिसावं पान समोर आहे. ते मी काल बदललं आणि वर शांत झोपलेही, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते माझ्या लायकीचंच झालं.

समोरची खुर्ची सरकते आणि प्रभाताई बसतात.

प्रभावती धोंडू, मॉरिशसच्या. जाऊन दोन वर्षं झाली त्यांना. पणजोबा धोंडू कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले, बंदरावरच्या कारकुनाने आडनाव विचारायची तसदी घेतली नाही, तेव्हापासून अख्खं घराणं धोंडू. प्रभाताईंनी जन्मभर फ्रेंचमध्ये कविता लिहिल्या. आठ संग्रह झाले, तीन देशांत पुरस्कार मिळाले. त्या कवितांचा मराठी अनुवाद मी करतेय, सात वर्षं. आमची पत्रं फ्रेंचमध्ये चालायची, कारण मराठी त्यांना आरतीपुरतं येई. आता मात्र त्या अशा बोलतात की जणू माझ्या आजोळी वाढल्यात.

"काय गो नीलाक्षी, झोपलीस होय?"

"नाही. वाचतेय."

"मग मोठ्यानं वाच."

मी वाचते. "आजीने त्या गावाचं नाव एकदाच घेतलं, आणि..." जीभ अडते. "आणि तिचे डोळे भरून आले."

"कोणाचे?"

"आजींचे."

"माझ्या आजीचे?"

त्या कानामागची लाल पेन्सिल काढतात. टेबल माझंच आहे, पण भोवती आता पोर्ट लुईमधल्या वर्तमानपत्राची मुद्रितशोधकांची खोली आहे. लांब बाक, शाईचा वास, आणि खिडकीबाहेर माझ्याच बाल्कनीतला वाळत घातलेला टॉवेल. मला यात काही वावगं वाटत नाही.

"एकोणीस वर्षं मी इथे दुसऱ्यांचं फ्रेंच दुरुस्त केलं," प्रभाताई म्हणतात. "मळ्याच्या मालकांचे मृत्युलेखसुद्धा. ज्यांनी आमच्या माणसांना चाबकानं फोडलं, त्यांना 'दयाळू' म्हटलेलं असायचं. मी फक्त स्वल्पविराम बघायचे. शब्द बदलायची परवानगी आम्हांला नव्हती, आणि मेलेल्या माणसाचा शब्द तर नाहीच. तू कुठून आणलीस परवानगी?"

"कारखानीससर म्हणाले."

"कोण हे?"

"मंडळाचे अध्यक्ष. प्रकाशनाला मंत्री येणार आहेत. वेष्टनावर छापलंय, 'मराठी मातीची लेक माहेरी येते'. आणि आत आजी गावाचं नाव घेऊन थुंकते. ते बरं दिसत नाही म्हणाले."

"माहेरी," प्रभाताई म्हणतात. त्या हसत नाहीत. "त्या माहेरानं आजीच्या आईला नवरा मेल्यावर विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. दिरानं देवदर्शनाला म्हणून मुंबईला आणलंन आणि पोरीसकट जहाजाच्या मुकादमाच्या हवाली केलंन. आजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे डोळे भरले असतील तर ते तेव्हा. मी पाहिलं तेव्हा ती थुंकली. माझ्या पायाजवळ पडलं ते."

आम्ही पायऱ्या चढतोय. पायऱ्यांवर गालिचा आहे, वर झुंबरं, आणि दोन्ही बाजूंना त्यांच्याच पुस्तकाचे ढीग. पॅरिसला पुस्तकाला बक्षीस मिळालं की त्याला लाल कागदी पट्टा गुंडाळतात. प्रभाताई चालता चालता एकेक पट्टा ओढून काढतात आणि खाली टाकतात.

"इथे मी स्कर्ट घालून आले होते," त्या म्हणतात. "एका बाईनं मला आत नेऊन साडी दिली, पडद्याच्या कापडाची. लोकांना आवडेल म्हणाली. मी नेसले. चाळिशीची होते, बक्षीस हवं होतं मला. ब्रसेल्सला रेडिओवरच्या बाबानं कवितेबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मसाल्यांबद्दल सात. घरी परतले तर आपलीच माणसं म्हणाली, हिनं भाषा सोडली, गोऱ्यांची झाली. शाळेच्या पुस्तकात एक कविता घेतली नाही कोणी. आता मेल्यावर तुम्ही मला माहेरवाशीण करताय." त्या थांबतात. "पण ऐक. आजीची ओळ कोणी खोडली नव्हती गो. त्या गोऱ्यांनीसुद्धा नाही."

मला संताप येतो. लाज वाटायला हवी, पण संतापच येतो.

"तुमचं काय जातंय बोलायला?" मी म्हणते. "सात वर्षं उंबरे झिजवलेत मी. कोणी छापायला तयार नव्हतं. ही एक ओळ ठेवायची म्हणून अख्खं पुस्तक अडलं तर बाकीच्या एकशे दहा कविता कोण वाचणार?"

"नको वाचू देत."

"तुम्ही गेलात, तुम्हांला सोपं आहे."

"गेले म्हणून तर दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची वेळ आलीय. आणि ते तोंड तू चुळा भरून स्वच्छ करून बसलीस."

सभागृह भरलंय. पहिल्या रांगेत कारखानीससर शाल आणि नारळ मांडीवर घेऊन बसलेत. प्रभाताई त्यांच्याकडे बोट दाखवतात. "या माणसानं नेमकं काय सांगितलं तुला? त्याचेच शब्द सांग."

मी नारळाची शेंडी बघत राहते.

"सांग."

"म्हणाले, 'बघा जरा मवाळ होतंय का. नाही झालं तर राहू द्या.'"

"आणि गावाचं नाव? ते काढायला कोणी सांगितलं? माझ्या ओळीत 'ते गाव' नव्हतं. नाव होतं."

नाव होतं. कोणी काढायला सांगितलं नव्हतं. कोळंबखोल. माझ्या आईचं माहेर. पणजोबा तिथले खोत, ती विहीर आमच्याच वाडीतली. मे महिन्यात आम्ही पोरं तिच्या कठड्यावर बसून आंबे खायचो. सात वर्षांपूर्वी ती कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, आणि हे कोणालाही, अगदी नवऱ्यालाही बोलले नव्हते. मंत्र्यांचं निमित्त मला आयतं मिळालं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे दुसऱ्यांना ऐकवायला मी पुढे असते.

"तुम्हांला ठाऊक होतं?" मी विचारते.

"मला काय ठाऊक? तू कधी लिहिलंस? दर पत्रात हवापाणी लिहायचीस." प्रभाताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली येतो. "लिहिलं असतंस तर मी भांडले असते. पण बोलले असते तुझ्याशी."

गालिच्याच्या जागी आता तांबडी माती आहे, उसाच्या बुडख्यांमधली. सगळे लोक बसलेलेच आहेत, झुंबरंही आहेत.

"नाव घे," त्या म्हणतात. "आणि थुंक."

"मला नाही येत." हे खरं आहे. आमच्या घरात मुलींना चूळसुद्धा आवाज न करता टाकायला शिकवलंय.

"सहा वर्षांच्या पोरीला आलं असतं. चल."

कारखानीससर मान हलवून नको नको म्हणतायत. कोळंबखोल, मी म्हणते. आवाज फाटतो. मग पुन्हा म्हणते, धड म्हणते, आणि त्या विहिरीवर, त्या खोतांवर, सात वर्षं मूग गिळून बसलेल्या माझ्यावर, तोंडात होतं नव्हतं तेवढं सगळं थुंकते.

"अगं, कागदावर काय हे?" नवरा म्हणतोय. सुधन्वा हातात चहाचा कप घेऊन उभा आहे. "केवढी लाळ गळलीय. सारखी काहीतरी पुटपुटत होतीस."

माझा गाल ओला आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर मधोमध रुपयाएवढा ओला डाग आहे, आणि त्यात काल मी शाईने लिहिलेली 'डोळे भरून आले' ही अक्षरं फुगून पसरली आहेत, वाचता येत नाहीत. आजूबाजूच्या ओळी कोरड्या आहेत.

बेल वाजते. चार वाजलेत.

"मी बघतो," सुधन्वा म्हणतो.

"त्याला बसव पाच मिनिटं. आणि तू पण बस, तुला माझ्या आईच्या गावाचं काही सांगायचंय."

ओल्या कागदावर पेन चालत नाही. मी बाजूच्या समासात लिहिते, छापखान्यात जुळणी करणाऱ्याला चुकूनही चुकता येऊ नये इतक्या मोठ्या अक्षरात: आजीने कोळंबखोल हे नाव एकदाच घेतलं, आणि थुंकली.